व्हायरस पसरतो, कॅन्सर नाही

थर्ड इयरला असताना आमच्या विंगमधल्या एका मित्राला लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर निघाला. कुणीतरी बातमी आणली, "अरे, हा व्हायरसने होतो!" झालं! मेसमध्ये त्याचा ग्लास वेगळा पडू लागला. खोटं कशाला बोलू, तो बाजूला सरकवणाऱ्यांत मीही होतो. मग लाज वाटली आणि लायब्ररी गाठली. तिथे कळलं ते सांगतो.

१९५७ साली युगांडात, कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमध्ये डेनिस बर्किट या सर्जनने जबडा सुजलेली मुलं पाहिली. तो लिम्फोमाच होता. १९६१ मध्ये हा पठ्ठ्या जुन्या गाडीतून सुमारे १०,००० मैल हिंडला. आजार मुख्यतः उष्ण, पावसाळी, म्हणजे मलेरियाच्या पट्ट्यात आढळला. त्याच वर्षी लंडनला त्याचं व्याख्यान ऐकून अँथनी एप्स्टाइन यांना वाटलं, यामागे विषाणू असणार.

दोनेक वर्षं हाती काहीच लागेना. डिसेंबर १९६३ मध्ये गाठीचा नमुना आणणारं विमान धुक्यामुळे मँचेस्टरला उतरलं. नमुना उशिरा पोचला, द्रावण गढूळ झालेलं. नासलं म्हणून फेकण्याआधी एप्स्टाइन यांनी थेंबभर मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर गाठीतून सुटलेल्या पेशी जिवंत! त्या पेशी वाढवल्या आणि १९६४ मध्ये विषाणू दिसला. तोच एप्स्टाइन-बार व्हायरस.

आता गंमत बघा. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात हा विषाणू असतो. तो लाळेतून येतो आणि रक्तातल्या बी-पेशींत जन्मभर मुक्काम ठोकतो. मग सगळ्यांना कॅन्सर का होत नाही?

आपल्या भाषेत सांगायचं तर स्विच सिरीजमध्ये आहेत. आफ्रिकेतल्या या आजारात पहिला स्विच विषाणूचा. दुसरा वारंवार होणाऱ्या मलेरियाचा, तो बी-पेशींना सतत विभाजनाला लावतो. त्या घाईत चूक होते आणि ८व्या गुणसूत्राचा तुकडा बहुधा १४व्याला जाऊन चिकटतो. त्यामुळे 'मिक' नावाचं जनुक कायमचं ऑन, हा तिसरा. एकट्या विषाणूने दिवा लागत नाही. शिवाय प्रत्येक लिम्फोमात विषाणू असतोच असंही नाही.

म्हणजे मित्राच्या ग्लासातून कॅन्सर येणं शक्यच नव्हतं. फार तर व्हायरस आला असता, आणि तो बहुधा आमच्यात आधीच होता! धोका होता तो उलट दिशेने. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा आमची साधी सर्दीही त्याला महागात पडली असती.

पुढच्या सेमला तो परत आला, तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं, ग्लासाचंसुद्धा. तो म्हणाला, "माहीत होतं रे, चहा आण." मी हात साबणाने धुतले आणि चहा आणायला गेलो.