मधुमेह आणि डोळ्यातील द्रव

बाबासाहेबांना मधुमेह होता. शेवटच्या काळात त्यांची नजरही अधू झाली होती. मधुमेहात डोळ्यात काय घडते, हे आपण समजून घेऊ.

भिंगामागे जेलीसारखा पारदर्शक द्रव असतो. साखर सतत वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. रक्त न मिळालेला पडदा ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन द्रवात सोडतो. त्यामुळे नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात. त्या फुटल्या की नजर जाऊ शकते. १९९४ मध्ये रुग्णांच्या डोळ्यातील द्रव तपासताना हे प्रथिन वाढलेले आढळले. आज त्याला रोखणारी इंजेक्शने आहेत.

सुरुवातीला दुखत नाही, दिसतेही नीट. म्हणून बेसा परिसरातील मधुमेही बंधू-भगिनींनो, वर्षातून एकदा मेडिकल किंवा मेयोत डोळ्यांत थेंब टाकून पडदा तपासून घ्या.