आपल्याला दिसते, पण आपण दिसतो का?

अभ्यासासाठी शास्त्रभाग: अनुवाद २२:८



अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील ही आज्ञा वरवर पाहता गवंड्यासाठी दिलेली वाटते. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा घालावा, नाहीतर वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा तिचा आशय आहे. त्या काळी धाब्यावर लोकांचा रोजचा वावर असे. तेथे लोक बसत, झोपत, वाळवण घालीत. येथे जाब पडणाऱ्याला विचारलेला नाही. "तू जपून का चालला नाहीस?" असा प्रश्न या वचनात नाही. ज्याने धाबे बांधले त्याने पडू शकणाऱ्याचा विचार आधीच करायचा आहे.

ही आज्ञा या अंकात आपण पाड्यावरच्या मुलांच्या सायकलींना लावून पाहू.

सायकल आली, अंधार राहिला

आदिवासी भागातील पाडे विखुरलेले असतात. शाळा तीन-चार किलोमीटरवर असते आणि एस.टी. प्रत्येक पाड्यापर्यंत जात नाही. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. मंडळ्या आणि देणगीदारही सायकली देतात. पायी जवळजवळ तासभर लागणारी वाट वीस मिनिटांवर येते. हे मोठे काम आहे, याबद्दल शंका नाही.

पण घड्याळाकडे पाहा. डिसेंबरच्या सुरुवातीला गडचिरोलीत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. नंदुरबारला त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटे मिळतात, मात्र जानेवारीत तेथे सकाळी सात वाजून गेल्यावरच सूर्य वर येतो. म्हणजे एकीकडे संध्याकाळचा जादा तास संपवून निघालेली मुलगी अंधारात सापडते, तर दुसरीकडे सकाळच्या शिकवणीला निघालेला मुलगा. दहावी-बारावीचे जादा तास नेमके याच महिन्यांत असतात. नाताळच्या गीतांचा आणि नाटिकेचा सरावही याच दिवसांत, तोही संध्याकाळी, आपल्याच अंगणात होतो.

नवापूर तालुक्यात विसरवाडीसारखी गावे सुरत-धुळे महामार्गाला लागून आहेत. अशा ठिकाणी आतल्या रस्त्याने आलेल्या मुलाला थोडे अंतर तरी मालट्रकांच्या रस्त्याने जावे लागते. धोका त्या थोड्या अंतरातच असतो.

मुलाची समजूत कोठे चुकते

"दिवा कशाला? मला रस्ता दिसतो," असे मुले सांगतात, आणि ती खोटे बोलत नाहीत. काही मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात. पायाखालची वाट रोजची असते. चांदणे असेल तर खड्डाही कळतो. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे तर मुलाला फार लांबून दिसतात. त्यावरून त्याला वाटते, "मला तो दिसतो, म्हणजे त्यालाही मी दिसत असणार."

चूक येथेच होते. चालकाला मुलाचे डोळे नसतात. त्याला त्याच्या दिव्याच्या उजेडात येईल तेवढेच दिसते. दिवे डिपरवर असताना गडद कपड्यातला माणूस साधारण पंचवीस-तीस मीटरवर आला की कळतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पाहून, समजून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावरही गाडी पूर्ण थांबायला एकूण ४५ ते ५० मीटर लागतात, आणि भरलेल्या ट्रकला त्याहून जास्त. म्हणजे चालक सावध असला, प्यायलेला नसला, तरी हिशेब जुळत नाही. समोरून दुसरी गाडी आली की त्याचे डोळे दिपतात आणि रस्त्याच्या कडेचे तेवढेही दिसत नाही.

त्यात आपणच भर घालतो. शाळेचा सदरा पांढरा असला तरी त्यावर काळे किंवा गडद निळे स्वेटर येते. पाठीवर काळे दप्तर येते. कॅरिअरवर धाकटा भाऊ किंवा लाकडांची मोळी बसली की मागचा लाल रिफ्लेक्टर झाकला जातो. पावसाळ्यात चिखल अडकतो म्हणून मडगार्ड काढून टाकले असेल, तर त्यावरचा रिफ्लेक्टरही त्याच्याबरोबर जातो.

पुण्यात वाढलेल्या वयस्कर वाचकांना आठवेल की रात्री बिनदिव्याची सायकल पोलीस अडवीत आणि दंड करीत. डबलसीटलाही तेच. शहरात जे नियमाने झाले, ते पाड्यावर आपण प्रेमाने करायचे आहे.

कठडा कसा घालावा

१. मागे लाल, पुढे पांढरा. पुढचा दिवा रस्ता दाखवतो. मागचा लाल दिवा मुलाला दाखवतो, आणि मागून येणारी गाडी मुलाला दिसत नसल्यामुळे तो आधी हवा. मोबाइलची बॅटरी एका हातात धरून सायकल चालवू देऊ नये, कारण तो हात ब्रेकवर हवा.

२. रेडियमची पट्टी. नंबरप्लेट करणाऱ्याकडे मिळते. ही पट्टी स्वतः उजळत नाही, गाडीचा उजेड आला तरच चमकते. म्हणून ती दिव्याची जागा घेत नाही, पण दिव्याचा सेल संपला तरी काम करते. मागच्या मडगार्डवर, चाकांच्या आऱ्यांवर आणि दप्तराच्या मागच्या बाजूला लावावी. पॅडलवर किंवा घोट्याला लावलेली पट्टी वर-खाली हलते, त्यामुळे पुढे सायकल आहे हे चालकाला लगेच ओळखू येते.

३. पट्टीची परीक्षा. साधा रंगीत स्टिकरही रेडियम म्हणून विकला जातो. अंधारात वीस पावलांवर उभे राहून टॉर्च डोळ्याजवळ धरून उजेड पाडावा. खरी पट्टी लख्ख चमकते.

४. कपडे. पांढरे किंवा पिवळे काहीतरी सर्वांत वर असावे. दुसरे काही नसेल तर स्वेटरवरून जुना पांढरा सदरा चालेल.

५. चालणे. सायकल डाव्या कडेने, एकामागे एक चालवावी. पायी जाणाऱ्याने मात्र उजव्या कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावे.

६. वेळ. सर्वांत स्वस्त उपाय हाच. नाताळचा सराव दुपारी ठेवावा. उशीर झालाच, तर मुलांना एकत्र पाठवावे, आणि सर्वांत मागे दिवा असलेली सायकल असावी.

सायकल देणाऱ्यांना एक नम्र विनंती. दहा सायकलींचा निधी असेल आणि दिव्यांचे पैसे उरत नसतील, तर नऊ सायकली द्याव्यात, पण त्या दिव्यांसह द्याव्यात. दहावे मूल पुढच्या तिमाहीत येईल. हा निर्णय कठीण आहे, कारण त्या दहाव्या मुलाचे नाव आपल्या यादीत असते. पण कठड्याविना धाबे बांधून झाले, असे शास्त्र मानत नाही. ज्या सायकली आधीच दिल्या गेल्या, त्यांच्यासाठी एक शनिवार आणि रेडियमचा एक रोल पुरेसा आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. या वचनात दोष पडणाऱ्यावर न ठेवता घरावर का ठेवला असावा?

२. आपल्या मंडळीतील कोणते कार्यक्रम अंधार पडल्यावर संपतात? त्यानंतर कोणती मुले सायकलीने घरी जातात?

३. आपण दिलेल्या कोणत्या देणगीला "कठडा" घालायचा राहिला आहे?

४. पुढच्या रविवारी उपासनेनंतर अंगणातल्या सायकली मोजाव्यात. किती सायकलींना मागचा दिवा किंवा चालू रिफ्लेक्टर आहे? तो आकडा मंडळीसमोर वाचून दाखवावा आणि काम वाटून घ्यावे.