आजारपणाची गैरहजेरी आणि मागावरचे परतणे

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात शनवारा, इतवारा, बुधवारा अशी वारांची नावे धारण करणाऱ्या वस्त्या आहेत. या शहराच्या उपजीविकेचा मोठा भाग यंत्रमागावर अवलंबून आहे. मागकामगाराची मजुरी बहुधा उक्त्या दराने, विणलेल्या कापडावर ठरते. तो आजारी पडून घरी राहिला की मजुरी बुडते. शिवाय त्याचे माग बदली कामगाराकडे जातात आणि ते परत मिळतील याची खात्री नसते. म्हणून अंगात ताप असतानाच तो मागावर उभा राहतो. गैरहजेरीचा प्रश्न हाताळताना मालकाने व मुकादमाने ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. घरी राहिलेल्या कामगारापेक्षा आजार लपवून आलेला कामगार अधिक चिंतेचा विषय होय. फुप्फुसाचा क्षय झालेला मनुष्य उपचाराविना बंदिस्त मागघरात खोकत राहिला, तर शेजारच्या मागावरील कामगारासही लागण होऊ शकते.

हजेरीपत्रकात सामान्यतः 'हजर' व 'गैरहजर' एवढीच नोंद असते. ती अपुरी आहे. गैरहजेरीचे कारण व वार या दोन गोष्टी टिपल्यास पत्रक बरेच काही सांगू लागते. सुती धाग्याच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकाराचे उदाहरण घ्यावे. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत रविवारच्या सुटीनंतर सोमवारी कामगारांची छाती आवळे, श्वास लागे, आणि पुढील दिवसांत हा त्रास ओसरे. जेथे साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते, तेथे हा 'सोमवार' शनिवारी येणार हे उघड आहे. पिंजण व कताई खात्यांत हा विकार अधिक, विणकामात त्या मानाने कमी; तथापि धूळ साचलेल्या मागघरात तो संभवतो. सुटीनंतरच्याच दिवशी तीच माणसे वारंवार गैरहजर राहत असतील, तर त्यांना आळशी किंवा व्यसनी ठरविण्यापूर्वी धुळीकडे पाहावे. विकार आरंभीच ओळखून कामगारास धुळीपासून दूर नेल्यास तो सुधारतो. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास फुप्फुसाची हानी कायमची होते. विडी ओढणाऱ्यास धोका अधिक.

कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. वर्गणीच्या अटी पूर्ण करणाऱ्या विमेदारास आजारपणात सरासरी रोजच्या मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षभरात ९१ दिवसांपर्यंत मिळते. क्षयासारख्या दीर्घ आजारांत, नोकरीची व वर्गणीची विशेष अट पूर्ण असल्यास, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ वाढू शकतो. अडचण अशी की ही योजना दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेस लागू होते आणि पुष्कळ मागघरे त्याहून लहान असतात. मात्र मालक व बहुसंख्य कामगार सहमत असल्यास लहान आस्थापनाही स्वेच्छेने योजनेत येऊ शकते. शिक्षक व ग्रामसेवक यांनी ही तरतूद लोकांपर्यंत पोहोचविल्यास उपयोग होईल. क्षयरुग्णास निक्षय पोषण योजनेतून उपचारकाळात दरमहा १,००० रुपये मिळतात. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी हीच रक्कम ५०० रुपये होती.

परतण्याची तयारी रजेच्या पहिल्याच आठवड्यात सुरू व्हावी. मुकादमाने घरी निरोप पाठवून माग राखून ठेवल्याचे कळवावे. चौकशीचा सूर पाळत ठेवल्यासारखा नसावा. बदली कामगारासही आपली नेमणूक किती दिवसांची हे आधीच सांगावे, म्हणजे पुढे तंटा होत नाही. कामगाराने डॉक्टरांकडून केवळ 'कामास योग्य' असा शेरा न घेता उभे राहणे, ओझे उचलणे, रात्रपाळी यांविषयी स्पष्ट सूचना लिहून घ्याव्यात. रोगाचे नाव चारचौघांत सांगण्याचे कारण नाही. क्षयाच्या औषधांना प्रतिसाद देणारा रुग्ण सामान्यतः काही आठवड्यांत संसर्गकारक राहत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्याला बाजूला बसविणे हा निव्वळ अन्याय होय.

चार माग चालविणाऱ्यास आरंभी दोनच द्यावेत, अथवा कांडी भरण्यासारखे बसून करावयाचे काम द्यावे. परंतु उक्त्या दरात माग निम्मे म्हणजे मजुरी निम्मी, आणि मग तो स्वतःच चार माग मागून घेतो. तेव्हा त्या दोन-तीन आठवड्यांपुरता रोजंदारीचा दर आधीच ठरवून हजेरीपत्रकात लिहून ठेवावा.