भग्न देवालयाचे पुनर्दर्शन

प्राचीन देवालयाच्या अवशेषांसमोर उभ्या राहणाऱ्या यात्रेकरूस जोते दिसते, पण छप्पर दिसत नाही. गाभाऱ्याची जागा दिसते, पण मूर्ती दिसत नाही. ही उणीव भरून काढणारे एक आधुनिक साधन म्हणजे ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’, अर्थात संवर्धित वास्तव होय. ग्रीस देशातील ऑलिंपिया हे क्षेत्र त्याचे उत्तम उदाहरण आहे.

ऑलिंपिया हे प्राचीन ग्रीकांच्या झ्यूस या देवाचे पवित्र क्षेत्र. सुप्रसिद्ध ऑलिंपिक क्रीडास्पर्धा मूळच्या येथील उत्सवाचाच भाग होत्या. इ. स. पूर्व पाचव्या शतकात लिबॉन या स्थपतीने येथे ३४ बाह्यस्तंभांचे भव्य मंदिर उभारले. फिडियस या शिल्पकाराने घडविलेली तेथील सोन्याची व हस्तिदंताची आसनस्थ मूर्ती सुमारे १२ मीटर उंच होती. प्राचीन जगातील सात आश्चर्यांत तिची गणना होते. कालांतराने मूर्ती नष्ट झाली, सहाव्या शतकातील भूकंपांत स्तंभ कोसळले आणि सारे क्षेत्र गाळाखाली गेले. १८७५ साली सुरू झालेल्या जर्मन उत्खननामुळे ते व्यवस्थितपणे उजेडात आले.

या शतकाच्या आरंभी युरोपीय संघाच्या साहाय्याने येथे संवर्धित वास्तवाचा प्रयोग झाला. त्या वेळी प्रेक्षकास पाठीवर संगणक व डोळ्यांवर विशेष उपकरण वागवावे लागे. २०२१ मध्ये ग्रीसचे सांस्कृतिक मंत्रालय व मायक्रोसॉफ्ट यांनी या क्षेत्रातील २७ वास्तूंचे त्रिमितीय दर्शन उपलब्ध केले. आता हातातील मोबाइल त्यासाठी पुरेसा ठरतो.

अशा अ‍ॅपची कार्यपद्धती समजण्यास सोपी आहे. मोबाइलमधील यंत्रणा प्रेक्षकाचे स्थान व दिशा ओळखते. कॅमेरा समोरचे दृश्य टिपतो. आणि संगणकाने रचलेली मूळ वास्तू त्या दृश्यावर योग्य जागी दिसू लागते. प्रेक्षक वळला की चित्रही त्यानुसार बदलते. एकही दगड न हलविता मंदिर उभे राहते, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

तथापि एक विवेक आवश्यक आहे. मंदिराच्या चित्रास जागेवरील पाषाणांचा आधार आहे. मूर्ती मात्र कोणीही उत्खननातून काढलेली नाही; तिचे चित्र पॉसेनियस या दुसऱ्या शतकातील प्रवाशाचे वर्णन व प्राचीन नाण्यांवरील आकृती यांवरून रचावे लागते. पडद्यावर दोन्ही सारखीच स्पष्ट दिसतात, परंतु दोन्ही सारखीच निश्चित नाहीत. कोणता भाग पुराव्याचा व कोणता अनुमानाचा, हे सांगणारे अ‍ॅप श्रेष्ठ समजावे.

म्हणून अशा स्थळी जाणाऱ्यांनी प्रथम चित्र पाहावे, मग मोबाइल खाली ठेवून पाषाण पाहावेत. चित्र पुन्हा रचता येते. पाषाण एकदा गेला की परत येत नाही. त्याचे जतन हेच पुढील पिढ्यांसाठी खरे दान होय.