मोटार सुरू होईना तेव्हां

इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९६२ ते १९८० पर्यंत बांधली गेलेली 'एमजीबी' ही दोन आसनांची क्रीडामोटार अडून बसली, कीं पहिला संशय बॅटरीवर येतो. आम्हींही नवी बॅटरी आणली. स्टार्टर पूर्वीइतक्याच जोमानें फिरला. इंजिन मात्र मुकेंच! वास्तविक स्टार्टर जोमानें फिरत होता, तेव्हांच बॅटरी निर्दोष ठरली होती. आमचे पैसे उगाच गेले.

उरले दोन प्रश्न: पेट्रोल येतें काय, आणि ठिणगी पडते काय?

प्रथम किल्ली फिरवून निमूटपणें कान द्यावा. ह्या मोटारीचा पेट्रोलपंप विजेवर चालतो. तो टक्‌टक् करतो आणि कार्बुरेटर भरले कीं थांबतो. आमचा पंप बोलेचना. लाकडी दांड्यानें हलकेच ठोकतांच टक्‌टक् सुरू झाली, पाठोपाठ इंजिनही! आंतील पॉइंट जळून काळे पडले होते. ठोकणें हें निदान झालें, उपाय नव्हे. पॉइंट बदलावेच लागले.

पंप बोलत असूनही इंजिन न चालल्यास ठिणगीकडे वळावें. जुन्या नमुन्यांत डिस्ट्रिब्यूटरमध्येंही पॉइंट असतात. ते पूर्ण उघडले असतां फट सुमारें ०.०१५ इंच असावी. तत्पूर्वीं सांडलेलें पेट्रोल पुसून वाफ उडून जाऊं द्यावी, आणि विद्यार्थ्यांनीं हें काम जाणत्या माणसावांचून करूं नये.