शिरढोण ते शिरढोण : एका सहलीचे गणित

मोटारीने सहलीला जायचे ठरले की घरात प्रथम काय होते? नकाशा उघडतात, पाहायच्या ठिकाणांची नावे कागदावर उतरवतात आणि अंतरांची बेरीज करतात. ही बेरीज इतकी सोपी असते की तिच्यावर आपला चटकन विश्वास बसतो. तो किती ठेवावा हे आज पाहू या.

निमित्त घडले माझ्या पुतण्याचे. तो नववीत आहे. त्याची आत्या, म्हणजे माझी धाकटी बहीण, जर्मनीत असते. तिने मोटारीने केलेल्या सहलीचा आराखडा त्याला पाठवला. व्ह्यूर्त्सबुर्ग या शहरापासून आल्प्सच्या पायथ्याच्या फ्युसेनपर्यंत जाणारा चारशेहून अधिक किलोमीटरांचा रस्ता तेथे पर्यटकांसाठी १९५० साली मुद्दाम आखण्यात आला. वाटेत जुनी तटबंदीची गावे लागतात, आणि शेवटी नॉयश्वानस्टाइन हा १८६९ साली बांधायला घेतलेला डोंगरावरचा राजवाडा.

"काका, आपणही शिरढोणहून असाच आराखडा करू या. गावे आहेत, किल्ले आहेत, डोंगर आहेत. काय कमी आहे?"

कमी काहीच नाही. पनवेल तालुक्यातले आमचे शिरढोण मुंबई–गोवा महामार्गावर आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म याच गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. त्यांचे आजोबा ज्याचे किल्लेदार होते तो कर्नाळा, त्याचा अंगठ्यासारखा सुळका उभारून, गावापासून हाकेच्या अंतरावर उभा आहे. तो घरचाच गड, म्हणून पुतण्याने यादीतून वगळला. उरली सहा ठिकाणे : अलिबागचा कुलाबा किल्ला, मुरूडचा जंजिरा, रायगड, प्रतापगड, महाबळेश्वर आणि वाई. शिरढोणहून निघायचे आणि शिरढोणलाच परतायचे.

पहिला प्रश्न : कोणत्या क्रमाने?

पहिले ठिकाण सहापैकी कोणतेही निवडता येते, दुसरे उरलेल्या पाचांपैकी, तिसरे चारांपैकी. म्हणून एकूण क्रम ६ × ५ × ४ × ३ × २ × १ = ७२०. तोच फेरा उलट्या दिशेने केला तरी अंतर तेवढेच, म्हणून खरे वेगळे फेरे ३६०. एवढे कागदावर तपासता येतील. पण ठिकाणे दहा झाली तर फेरे १८ लाखांवर जातात, आणि पंधरा झाली तर ६५ हजार कोटींवर! याला 'फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न' म्हणतात. गंमत अशी की याचा एक जुना उल्लेख जर्मन भाषेतच सापडतो. १८३२ साली फिरत्या विक्रेत्यांसाठी निघालेल्या एका पुस्तिकेत जर्मनी व स्वित्झर्लंडमधील फेऱ्यांचे नमुने दिले होते. गणित मात्र नव्हते. पुढे १९७७ मध्ये ग्रोट्शेल या गणितज्ञाने त्या वेळच्या पश्चिम जर्मनीतील १२० गावांचा सर्वांत लहान फेरा सिद्ध करून दाखवला. १२० गावांच्या एकूण फेऱ्यांची संख्या लिहायची तर जवळजवळ दोनशे अंक लागतात. तेव्हा एकेक फेरा तपासून हे झालेले नाही, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. २००१ साली तर संगणकांच्या मदतीने जर्मनीतील १५,११२ गावांचा प्रश्न सुटला.

आमचा प्रश्न मात्र भूगोलानेच बराचसा सोडवला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, मधून महामार्ग. कुलाबा, जंजिरा, रायगड, प्रतापगड, महाबळेश्वर, वाई, पुणे आणि बोरघाटाने परत, असा एक गोल आपोआप तयार होतो. फक्त दिशा ठरवायची उरली : समुद्राकडून डोंगरावर, की आधी डोंगर आणि मग समुद्र? अंतर दोन्हीकडून सारखेच, मग काय फरक पडतो, असे पुतण्याने विचारले. बारा वर्षांपूर्वी मलाही काही फरक पडत नाही असेच वाटले होते. त्याची हकीकत पुढे येईलच.

दुसरा प्रश्न वेळेचा. पुतण्याने हिशेब मांडला : "महामार्गावर ताशी ६० किलोमीटर, घाटात ताशी २०. सरासरी ४०. म्हणजे महामार्गाचे ४० आणि घाटाचे ४०, अशा ८० किलोमीटरांना दोन तास." तुम्हीही असेच केले असते का? आता नीट पाहा. महामार्गाच्या ४० किलोमीटरांना लागतात ४० मिनिटे आणि घाटाच्या ४० किलोमीटरांना दोन तास. एकूण दोन तास ४० मिनिटे. खरी सरासरी ताशी ३० किलोमीटरच! चूक कोठे झाली? मोटार ६० च्या वेगाने ४० मिनिटेच धावली, पण २० च्या वेगाने १२० मिनिटे रखडली. वेगांची सरासरी काढताना मोटार त्या वेगाने किती अंतर गेली हे न पाहता किती वेळ गेली हे पाहावे लागते. अंतरे सारखी असताना जी सरासरी निघते तिला गणितात 'हरात्मक मध्य' म्हणतात. ती साध्या सरासरीपेक्षा नेहमी कमी भरते आणि नेहमी संथ वेगाकडे झुकते. म्हणून महामार्गावर ६० ऐवजी ८० ने पळून वाचतात अवघी दहा मिनिटे; घाटातला एक मालट्रक ती केव्हाच परत घेतो.

मी पुतण्याला सांगितले, "आराखड्यातले किलोमीटर खोड आणि तास लिही." त्याने तसे केले, तेव्हा त्याची दोन दिवसांची सहल चार दिवसांची झाली. नकाशावरची सरळ रेषाही त्याने सोडून दिली. राजपुरीच्या खाडीपलीकडे समोर दिसणारे दिघी सरळ रेषेत अगदी जवळ. पण मोटारीला एक तर आगरदांड्याहून बोटीत चढावे लागते, नाहीतर खाडीला मोठा वळसा घालावा लागतो.

आतापर्यंतच्या वेळा आपल्या हातातल्या होत्या. कुलाबा किल्ल्याची वेळ मात्र चंद्राच्या हातात आहे. किनाऱ्यापासून एक-दीड किलोमीटर आत असलेल्या या किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते. भरतीला मधली वाट पाण्याखाली जाते. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोन वेळा भरती येते. दोन भरत्यांमधले अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटे, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा. कोकणातल्या माणसांनी यावरून एक सुटसुटीत नियम बसवला आहे : तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती. त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला.

मग सहलीला अष्टमीच बरी, उठण्याची घाई नको! पुतण्याने हेच सुचवले. पण येथे एक मेख आहे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत येतात, सूर्य व चंद्र यांची ओढ एकत्र होते आणि उधाण येते. पाणी खूप चढते आणि तितकेच खूप ओसरते. अष्टमीला दोघांची ओढ काटकोनात असते, म्हणून भांगाची भरती. पाणी फार चढत नाही आणि फारसे ओसरतही नाही. सोयीच्या वेळेला वाट पुरती उघडी पडत नाही, आणि पौर्णिमेला ती उत्तम उघडते तेव्हा सूर्य मावळायला आलेला असतो. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला : पौर्णिमेनंतरची तृतीया किंवा चतुर्थी. उधाणाचा जोर शिल्लक असतो आणि ओहोटी सकाळी आठ-नऊला. शिरढोणहून पहाटे सहाला निघाले की पुरे. पाऊणपटीचा नियम अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, म्हणून भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक पाहावे आणि किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारावे. ओहोटी पूर्ण होण्याआधी तासभर आत जावे आणि पाणी परतू लागताच बाहेर निघावे. फोटो काढत बसणाऱ्यासाठी समुद्र थांबत नाही.

अलिबागला आहातच तर चुंबकीय वेधशाळा बाहेरून तरी पाहा. मुंबईच्या कुलाबा भागातील वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे चालत. विजेवर चालणाऱ्या ट्रॅमगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म मोजमापे बिघडणार, म्हणून १९०४ पासून हे काम अलिबागला आणले. मुंबईचा कुलाबा वेगळा आणि अलिबागचा कुलाबा किल्ला वेगळा, हे उत्तरपत्रिकेत विसरू नका!

जंजिरा व रायगड यांविषयी तुम्ही इतिहासात पुष्कळ वाचले आहे, तेव्हा मी थांबत नाही. एवढेच सांगतो की जंजिऱ्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात आणि रायगड पायऱ्यांनी चढायचा तर अख्खी सकाळ राखून ठेवावी.

आता दिशेचा प्रश्न आणि माझी फजिती. बारा वर्षांपूर्वी मी हाच गोल उलटा घेतला होता : आधी महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरायचे. वेगांची सरासरी मी साधीच काढली होती. हो, पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने! परिणामी प्रतापगड पाहून होईपर्यंत अंधारू लागले. आता उशीर भरून काढायचा म्हणून मी वरच्या गिअरमध्ये, ब्रेक दाबत दाबत उतरत राहिलो. निम्म्या घाटात जळका वास आला, आणि पुढच्या वळणावर ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ पडले, स्पंजावर पाय ठेवावा तसे. गाडीत पत्नी आणि लहान मुलगी होती. दुसऱ्या गिअरवरून पहिल्यात आणून, हँडब्रेक हळूहळू ओढून, डोंगराच्या बाजूला गाडी थांबवली. तासभर कोणी काही बोलले नाही.

काय घडले होते? गणित करू. माणसे व सामान धरून मोटारीचे वस्तुमान १,२०० किलोग्रॅम माना. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच, पोलादपूर पायथ्याशी. उतार १,२०० मीटर धरू.

स्थितिज ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची = १,२०० × ९.८ × १,२०० = सुमारे १ कोटी ४१ लाख ज्यूल.

एवढ्या ऊर्जेत ४५ लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीला येईल. खाली पोहोचल्यावर मोटार थांबलेलीच असते, म्हणजे ही सारी ऊर्जा वाटेत कोठेतरी उष्णतेत बदलायलाच हवी. चारही चाकांच्या ब्रेकचे लोखंड मिळून ३० किलोग्रॅम धरा. लोखंडाची विशिष्ट उष्णता सुमारे ४५० ज्यूल. सगळी उष्णता त्यातच राहिली तर तापमान हजार अंशांनी वाढेल! प्रत्यक्षात तसे होत नाही. टायरांचे रस्त्याशी घर्षण आणि हवेचा विरोध यांत बराच भाग जातो, आणि तापलेले लोखंड वाऱ्यावर निवतही असते. पण ब्रेकमधील द्रव साधारण दोनशे अंशांना उकळतो. जुना, पाणी शोषलेला द्रव त्याच्याही पुष्कळ आधी. उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय वाफेला दाबत राहतो आणि चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. पेडल मऊ लागले ते यामुळे.

उपाय साधा आहे. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे. मग चाके इंजिनाला फिरवतात, ऊर्जा इंजिनात खर्च होते, आणि ती उष्णता बाहेर टाकायची सोय तेथे मुळातच आहे. ब्रेक अधूनमधून दाबून सोडावा, धरून ठेवू नये.

आणि दिशेचे उत्तरही यातच आहे. आंबेनळी घाट दिवसा चढायचा. चढताना त्या १ कोटी ४१ लाख ज्यूलसाठी जादा पेट्रोल लागेल दीड-पावणेदोन लिटर, तेवढे सोसावे. मग उतार दोन हप्त्यांत मिळतो : महाबळेश्वर ते वाई सुमारे ६३० मीटर, आणि पुण्याच्या पठारावर ब्रेक पुरते निवल्यानंतर लोणावळा ते खोपोली सुमारे साडेपाचशे मीटर. अंतर तेच, उंची तीच, पण उष्णता एका दमात गोळा होत नाही.

पुतण्याने अखेर आराखडा केला तो असा : पहिला दिवस कुलाबा, मुक्काम मुरूड. दुसरा दिवस जंजिरा, मुक्काम रायगडच्या पायथ्याला पाचाड. तिसऱ्या दिवशी सकाळी रायगड, दुपारी महाडला चवदार तळे, मुक्काम पोलादपूर. चौथ्या दिवशी सकाळच्या उजेडात घाट आणि प्रतापगड, मुक्काम महाबळेश्वर. "म्हणजे पाच दिवस झाले, काका!" "होऊ देत. पाचवा वाईचा आणि घरी येण्याचा."

आता तुम्ही करून पाहा.

(१) महाबळेश्वरला जाताना पायथ्याशी घेतलेली वेफर्सची बंद पुडी सोबत ठेवा आणि वर पोहोचल्यावर हातात घेऊन पाहा. ती का फुगली? (सूचना : तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्के असतो.)

(२) जाताना ताशी ६० च्या वेगाने गेलात. येतानाचा वेग किती ठेवला तर जाण्यायेण्याची मिळून सरासरी ताशी १२० होईल? घाईने उत्तर लिहू नका. आधी वेळेचे गणित मांडा.

(३) तुमच्या गावाहून निघून परत गावी येणारा, चार ठिकाणांचा गोल आखा. फेरे किती होतात ते काढा, आणि त्यांतल्या कोणत्या ठिकाणाची वेळ तुमच्या हातात नाही ते त्यापुढे लिहा.