रंगाची खातरजमा

चि. सुहास यास,


तुझ्या कबऱ्या डॅशुंड कुत्रीला तो साईच्या रंगाचा देखणा नर दाखवावा, म्हणजे दुर्मीळ रंगाच्या पिल्लांना दामदुप्पट किंमत येईल, असा जो बेत तू कळविला आहेस, तो मी लक्षपूर्वक वाचला. आणि माझे स्पष्ट मत असे आहे, की त्या नराची जनुकीय तपासणी झाल्यावाचून ही जोड तू लावू नयेस.

श्वानपालक ज्याला मर्ल आणि डॅशुंडच्या बाबतीत डॅपल म्हणतात, तो हा कबरेपणा स्वतंत्र रंग नव्हेच. काळ्या वा तपकिरी रंगद्रव्याच्या निर्मितीत आलेला तो एक व्यत्यय आहे, आणि एका जनुकात आगंतुकपणे शिरलेला तुकडा त्याच्या मुळाशी आहे, हे २००६ साली संशोधकांनी दाखवून दिले. हा तुकडा आईबापांपैकी एकाकडूनच आला, तर राखी अंगावर गडद डाग उमटतात, क्वचित एखादा डोळा निळा होतो, आणि बहुधा तेवढ्यावर निभावते. परंतु तो दोघांकडूनही आला, आणि दोन कबऱ्यांच्या विणीत सरासरीने चौथा हिस्सा पिल्लांच्या वाट्यास तो तसा येतो, तर अंग बरेचसे पांढरे पडते, आणि अशी कित्येक पिल्ले बहिरी, कित्येक खुज्या वा विकृत डोळ्यांची निपजतात. केसांच्या रंगाशी कानाचा संबंध काय, असे तू विचारशील. केसांना रंग देणाऱ्या पेशींच्याच कुळातील पेशी अंतर्कर्णात वस्तीस असतात व तेथील द्रवाचे क्षारसंतुलन राखतात. त्या नसल्या, की ध्वनी टिपणाऱ्या नाजूक पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात, आणि कोणत्याही औषधाने त्या पुन्हा येत नाहीत. केवळ बाजारभावासाठी अशा जिवास जन्माला घालावे, ही कल्पनाच मला असह्य होते.

नर तर कबरा नाही, असे तू म्हणशील; पण खरी मेख तेथेच आहे. मर्लचा परिणाम काळ्या-तपकिरी द्रव्यावर होतो, पिवळ्या-तांबड्यावर जवळजवळ होत नाही. म्हणून साईच्या रंगाचा कुत्रा तो तुकडा पोटात बाळगूनही अंगावर एक डाग दाखवीत नाही. वंशावळीच्या दस्तऐवजात नोंदलेला रंग डोळ्यांना दिसलेला असतो, त्यामुळे दाखला अस्सल असूनही येथे अपुरा पडतो.

सर्वच अनोख्या रंगांना भिण्याचे कारण नाही. वाघासारखे पट्टे निरुपद्रवी असतात. दोन काळ्या आईबापांना निळसर राखी पिल्लू झाले, तर कुत्रीवर नाहक संशय घेऊ नये. तो रंग दोघांत सुप्त असलेले बीज एकत्र आल्याने प्रकटतो. मात्र डॉबरमनसारख्या जातींत अशा निळसर कुत्र्यांचे केस पुढे विरळ होत जातात, एवढे ध्यानात ठेव.

तेव्हा या माजावर घाई नको. नराच्या गालाच्या आतला नमुना प्रयोगशाळेकडे पाठवून मर्लचा अहवाल आणावा, अशी अट मालकापुढे घाल, आणि खर्च आपण सोसू असेही सांग. तो नाकबूल झाला, तर ज्याच्या आईबापांत कोणी कबरे नाही असा काळा-तांबूस नर पाहा. त्या विणीतही सरासरीने निम्मी पिल्ले कबरी निघतील. अहवाल हाती येताच मला पाठव.

तुझा,
मामा